उलटी ठोकलेली फळी

“हे खिळे माझे आहेत.”

“अहो मावशी, खिळ्यांवर काय नाव लिहिलेलं असतं?”

“माझ्या असतं. आणि तो फोटो जरा जवळ आणा. मोतीबिंदू मला झालाय, तुमच्या हाताला नाही.”

सरकारी कचेरीतून आलेल्या तपासनीसानं फोटो जवळ नेला. त्याच्यामागं धाकटे मालक उभे होते. त्यांनी मावशीकडं बघून डोळे मोठे केले. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. मावशीला अर्थ कळला, पण तिनं तो ॲप्रनच्या खिशात घातल्यासारखं केलं आणि फोटोवर बोट ठेवलं.

“हे बघा. फळीच्या टोकाला दोन खिळे. सरळ नाहीत. एकमेकांकडं माना टाकून ठोकलेत, भांडून दमलेल्या नवराबायकोसारखे. असे ठोकले की फळी बापजन्मात उचकटत नाही. असं ठोकणारं दुसरं माणूस मी तरी बघितलेलं नाही. कुठं सापडलं हे?”

“सीमेपलीकडं,” तपासनीस म्हणाला. “एका खोलीच्या खिडकीला ठोकलेलं होतं. वारा येऊ नये म्हणून.”

हातोडी मावशीच्या हातात होती. ती तिनं बाकावर ठेवली. हळूच ठेवली, आणि तिनं काही हळूच ठेवलं की समजावं, आता काही खरं नाही.

आता ही मावशी कोण, ते आधी सांगायला हवं. ती ह्या कारखान्यात माल भरायच्या लाकडी पेट्या करते. खरी मावशी ती एकाच मुलीची, वरच्या मजल्यावर कागद लिहिणाऱ्या भाचीची. पण कामावर लागल्यावर पहिल्याच दिवशी भाची जिन्यातून “मावशे, डबा विसरलीस!” म्हणून ओरडली आणि तेव्हापासून सगळा कारखाना तिचा भाचा झाला. त्याआधी तिला हातोडी म्हणायचे. पाठीमागं अजून म्हणतात.

बाप सुतार. त्याला पोरगा नव्हता, म्हणून रंधा पोरीच्या हातात आला. नवरा ह्याच शेडमध्ये पेट्या बांधायचा. त्याची छाती भरली तेव्हा पंधरा दिवस बदली म्हणून ती आली, त्याला सव्वीस वर्षं झाली. नवरा गेला, बदली तशीच राहिली. तेव्हा थोरले मालक होते, धाकट्यांचे वडील. बाई पेटी बांधणार म्हटल्यावर त्यांनी तिच्याकडून काचेच्या दिव्यांची एक पेटी बांधून घेतली आणि ओट्यावरून खाली ढकलून दिली. उघडली तर चोवीसपैकी एक दिवा फुटलेला. थोरले मालक हसायला लागले. तो एक त्यांनी आधीच फुटका घातला होता, बाई खरं सांगते का बघायला. बाईनं खरं काय सांगायचं, ती त्यांच्या अंगावरच धावली होती, की फुटका दिवा देणारा मेला कोण आहे त्याला समोर आणा म्हणून.

तिच्या हाताला दोन सवयी. पहिली बापाची. फळी टाकायची नाही. एक अंग खराब झालं की उलटी करायची, दुसरं अंग वर आणायचं. दुसरी सवय थोरल्या मालकांनी लावली. एकदा बारा पंपांची पेटी परदेशी पोचली आणि आत नऊच निघाले. बोंब मावशीच्या नावानं झाली. तेव्हा थोरले म्हणाले, “बाई, झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलनं तीन गोष्टी लिहीत जा. तारीख, वजन आणि बांधायला कुणी सांगितलं ते. लिहिलेलं भांडत नाही.” त्या दिवसापासून प्रत्येक झाकणाच्या पोटात तिचं ते लिहिणं. थोरल्यांनी सांगितलं असलं तर ‘थो.’, धाकट्यांनी सांगितलं असलं तर ‘धा.’. थोरले जाऊन सहा वर्षं झाली. आता सगळीकडं ‘धा.’च. धाकट्यांना ह्या पेन्सिलीचा पत्ता नव्हता. शेडमध्ये ते यायचे ते घाई असली तरच, आणि झाकणाचं पोट कोण बघतो?

कारखाना कॅमेरे करतो. साधे नव्हेत, ऊब बघणारे. ते दोन जातींचे. एक लंगडा. त्यातलं चित्र अडखळत, थांबत थांबत चालतं. तापलेली वीजतार बघायला, भट्टीची भिंत कुठं तडकलीय ते बघायला तेवढं पुष्कळ. दुसरा पळता. त्यात धुक्यातला, झुडपाआडचा माणूस चालतो तसा चालताना दिसतो. हा कॅमेरा बंदुकीवर बसतो, उडत्या यंत्राच्या पोटाला बसतो. लंगडा कुणालाही विका. पळता देशाबाहेर धाडायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि घेणाऱ्याचं हमीपत्र लागतं, की हा मीच वापरणार, अमुक कामालाच वापरणार, तिसऱ्याच्या हातात देणार नाही. कागदावर ह्याला लांबलचक नावं आहेत. शेडमध्ये सोपं होतं. पळत्याच्या पेटीला लाल पट्टा, लंगड्याच्या पेटीला निळा.

फोटोतल्या झाकणावर निळा पट्टा होता. त्याखाली नंबर.

“ती खोली आता आपल्या जवानांच्या ताब्यात आहे. तिथं आठ कॅमेरे मिळाले,” तपासनीस म्हणाला. बारका माणूस होता, बगलेत फाइल, आणि बोलताना शब्दाशब्दाला चष्मा वर सरकवायचा. “सगळे पळते. त्यांच्यावरचे नंबर खरवडून टाकलेत, पण झाकणावरचा नंबर राहिला. त्या नंबरची पेटी तुमच्या कागदांत आहे. अकरा पेट्यांपैकी एक. माल लंगडा, घेणारा तिसऱ्याच देशातला सिमेंटचा कारखाना.”

“आणि निघाला पळता,” मावशी म्हणाली.

“निघाला पळता. त्याच्या जोरावर पलीकडच्यांनी आपल्या एका चौकीवर तीनदा नेम धरला. तिसऱ्यांदा चौकीचा स्वयंपाकी सापडला. पाण्याचे डबे घेऊन झऱ्यावर चालला होता. धुकं एवढं होतं की स्वतःचा हात दिसत नव्हता. त्याला वाटलं, मला कोण बघतंय.”

 धाकटे मालक खाकरले.

“मी तेच म्हणतोय साहेब. कागद लिहिणारी मुलगी नवीन आहे. आठ महिने झालेत. दोन रकान्यांत घोटाळा केला तिनं. कागदावर सही तिचीच आहे.”

“सही तिची आहे,” तपासनीसानं मान हलवली. “वर जाऊन दप्तर बघतो. दोन वाजता जबाब घेईन. त्या बाईंना आज आमच्याबरोबर यावं लागेल. कपडे घेऊन.”

तो जिना चढला. ‘कपडे घेऊन’ हे दोन शब्द मात्र शेडमध्येच राहिले.

मालक मावशीला फळ्यांच्या थप्पीमागं घेऊन गेले. तिथं भुसा घोट्याएवढा. लहानपणी हाच धाकटा त्या भुशात लोळायचा आणि नाकातोंडात गेला की मावशीच्या नावानं रडायचा.

“मावशी, हात दाखवून अवलक्षण केलंत. खिळे माझे म्हणायची गरज होती का? असो. आता एवढंच सांगा, निळा पट्टा होता म्हणून निळ्याची पेटी बांधली. पुढचं मला माहीत नाही.”

“आणि पोरगी?”

“वकील मी देतो. चांगला देतो. चूक म्हणून निभावेल. चार-सहा महिने जातील फार तर.”

“कशाचे चार-सहा महिने?”

मालक बुटावरचा भुसा झटकायला लागले.

“कैद म्हणायला जीभ रेटत नाही होय? माझी पोर आत बसायची, आणि तुमची जीभ बाहेर असून चालत नाही!”

“हळू बोला. मावशी, कारखाना बंद पडला तर एकशे चाळीस घरांतल्या चुली विझतील. तुमचीसुद्धा. तिचं एकटीचं तरुण वय आहे, निघून जाईल.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” मावशी म्हणाली. “आणि वर संन्याशाचं वय तरुण आहे म्हणून सांगा.”

“दोनपर्यंत विचार करा,” एवढं बोलून मालक गेले. भुशात त्यांच्या बुटांचे ठसे उमटले. मावशी त्या ठशांकडं बघत राहिली. तिला स्वतःचाच इतका राग आला होता की मालकावर काढायला तो पुरला नाही.

कारण तिला माहीत होतं. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. अकरा पेट्या लाल पट्टा मारून तयार होत्या. धाकटे खाली आले आणि म्हणाले, “हे पट्टे निळे करा. माल वर बदललाय, लंगडा घातलाय.” मावशीनं एक पेटी काट्यावर चढवली. साडेएक्केचाळीस किलो. लंगड्याची पेटी छत्तीस भरते. पळत्याच्या पोटात त्याला गार ठेवणारं यंत्र असतं, त्याचं वजन पडतं. ती म्हणाली, “वजन तेच आहे.” मालक म्हणाले, “मावशी, तुम्ही वजन करा. विचार मी करतो.”

आणि तिनं केलं काय? तिला राग आला. आल्यावर तिनं तो खिळ्यांवर काढला. नव्या फळ्या संपल्या होत्या आणि लाल रंग तासत बसायला वेळ नव्हता, म्हणून तिनं बापाची रीत केली. झाकणं उचकटली, फळ्या उलट्या केल्या, लाल अंग आत गेलं, कोरं अंग वर आलं. त्यावर निळा पट्टा मारला. आतल्या अंगाला, लाल पट्ट्याशेजारी, पेन्सिल आपोआप चालली. तारीख. ४१॥. धा. मालकांनी परत विचारलंच नाही. पट्टा निळा दिसला, त्यांचं काम झालं.

मग चार महिने मावशी जेवली, झोपली, लोकांशी भांडली. मी पेट्या बांधते, आत काय जातं ते वरचे जाणोत, असं तिनं स्वतःला शंभरदा सांगितलं. एकदाही पटलं नाही. तरी सांगत राहिली.

वरच्या मजल्यावर भाची हात धुवायच्या जागी उभी होती. नळ चालू, हात कोरडे.

ही पोर सात वर्षांची असताना मावशीच्या दारात येऊन उभी राहिली होती, एक पिशवी घेऊन. बहीण गेली होती आणि मेव्हण्यानं दुसरं घर मांडलं होतं. मावशीनं तिला वाढवलं म्हणजे काय, ओरडून वाढवलं. लाड म्हणून केलेला आठवत नाही. पण शाळेची पेटी स्वतः करून दिली होती, आणि तिचा एक खिळा अजून हललेला नाही.

“नळ बंद कर. आणि बोल. काय लिहिलंस त्या कागदावर?”

“त्यांनी लिही म्हणून सांगितलं ते. लंगडा. मी म्हटलं, आधी लाल लिहिलं होतं. ते म्हणाले, माल बदललाय.”

“आणि तू सही केलीस.”

“केली.”

“खाली येऊन विचारावं नाही वाटलं? दोन जिने उतरले की मी आहे. पाय मोडले होते? कागद वाचायला म्हणून तुला शिकवलं, आणि तू ते शिक्षण मुंडी हलवायला वापरलंस!”

भाचीनं नळ बंद केला. तिचा आवाज मावशीवरच गेलेला होता.

“मी नाही विचारलं. तू विचारलंस? पेट्या तू उलट्या केल्यास ना मावशे? त्या दिवशी घरी आलीस तेव्हा आदळआपट करून जेवलीस. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, गप जेव. मी गप जेवले.”

मावशीनं बंद नळ परत एकदा पिळून घट्ट केला.  

“ते मला नेणार आहेत,” भाची म्हणाली. “कपडे आणायला घरी जाऊ का?”

“कपडे कशाला? लग्नाला चाललीयेस? बस इथंच.”

दोन वाजता मालकांच्या खोलीत तपासनीस बसला होता. टेबलावर ती फाइल, शेजारी तो फोटो. मालक खिडकीपाशी. मावशी आत आली ती न विचारता, भुसा सांडत, आणि बस म्हटलं तरी बसली नाही.

“पेटीवर निळा पट्टा होता का?” तपासनीसानं विचारलं.

“होता.”

मालकांनी श्वास सोडला.

“तो मी मारला,” मावशी म्हणाली. “लालावर नव्हे. फळी उलटी करून मारला. लाल आत आहे. ते झाकण अजून त्या खिडकीला आहे ना? मग तिथल्या माणसाला सांगा, उचकट. पहार लाव म्हणावं, हातानं निघायचं नाही. आणि आतलं अंग बघ. लाल पट्टा असेल. त्याच्या शेजारी पेन्सिलनं तारीख, वजन आणि एक अक्षर. माझ्या हातचं.”

“कसलं अक्षर?”

“ते आधी त्याला वाचू द्या. मी सांगितलं तर म्हणाल, बाईनंच त्याला पढवलं.”

“मावशी!” मालक ओरडले. “तुम्हाला कळतंय का काय बोलताय? तुम्ही स्वतः अडकाल!”

आणि मावशीचं सव्वीस वर्षांचं ‘तुम्ही’ तिथं संपलं.

“तू मला शिकवतोस? भुशात लोळणारा तू! तुझ्या नाकातला भुसा मी काढलाय. वजन कर म्हणालास, विचार मी करतो म्हणालास. केलास ना विचार? तो पाणी आणायला निघालेला माणूस तुझ्या विचारानं मेला. त्याच्या हातात डबे होते रे, डबे! बंदूकसुद्धा नव्हती. आणि वर माझी पोरगी पुढं करतोस? तुझ्या बापानं फुटका दिवा घातला तो मी खरं बोलते का बघायला. तू सगळी पेटीच फुटकी धाडलीस, आणि मी खोटं बोलावं म्हणून उभा आहेस!”

मालक काही म्हणाले. मावशीच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

तपासनीसानं फोन लावला. कचेरीतून चौकीला निरोप जायचा, चौकीतून त्या खोलीत माणूस जायचा, तिथून उत्तर परत यायचं. दीड तास लागला. त्या दीड तासात तपासनीस म्हणाला, “बाई, माहीत असून ठोकलंत म्हणजे तुमचंही नाव घ्यावं लागेल.”

“घ्या. मी कुठं पळतेय. आणि घेताय तर तुमच्या कचेरीचंही घ्या.”

“आमच्या?”

“कागदावर वजन किती लिहिलंय पेटीचं?”

त्यानं फाइल उघडली. “छत्तीस.”

“आणि बंदरावरच्या काट्यावर?”

त्यानं दोन पानं उलटली. चष्मा वर सरकवला. मग परत सरकवला, जागेवरच असताना.

“साडेएक्केचाळीस.”

“अकरा पेट्या. प्रत्येकीत साडेपाच किलोचा फरक. दोन्ही आकडे तुमच्याच फाइलीत, दोन पानांच्या अंतरावर. तुमच्यातल्या एकाही शहाण्याला पान उलटावंसं वाटलं नाही? शिक्का मारायला मात्र हात पुरला! मी अडाणी, पेट्या ठोकते. ही पोर नवीन. तुम्ही कोण? तुम्ही तर ह्याचाच पगार खाता!”

 तपासनीसानं पेन काढून ते दोन आकडे खरोखर एका कागदावर लिहिले आणि खाली रेघ ओढली, एवढं मावशीनं बघितलं.

फोन वाजला. त्यानं ऐकलं, आणि ऐकता ऐकता मोठ्यानं म्हणत गेला. “लाल पट्टा आहे... हो... पेन्सिलनं तारीख... एक्केचाळीस, पुढं दोन उभ्या रेघा, म्हणजे साडेएक्केचाळीस... आणि अक्षर? ध ला काना. धा, टिंब.” त्यानं फोन ठेवला. “धा. म्हणजे?”

मावशीनं बोट केलं नाही. नुसती मान वळवली, खिडकीकडं. “बांधायला सांगणाऱ्याचं अक्षर असतं ते. थोरले होते तेव्हा थो. होतं. परत आलेल्या पेट्यांची वर्षानुवर्षांची झाकणं शेडमध्ये पडलीत, कुठलंही बघा.”

मालक खिशातून फोन काढून वकिलाचा नंबर शोधायला लागले. 

पुढचं सगळं कागदी आवाजात झालं. मालकांनी आज आमच्याबरोबर यायचं. भाचीचा जबाब इथंच होईल, ती घरी जाऊ शकते, गाव सोडायचं नाही. मावशीनंही सोडायचं नाही, तिच्यावर काय लावायचं ते वरचे ठरवतील.

“आणि शेडमध्ये किती पेट्या तयार आहेत?” तपासनीसानं विचारलं.

“बावीस. सगळ्या निळ्या.”

“सगळ्या उघडायच्या. आत खरंच लंगडेच आहेत का, बघायचं. माझ्यासमोर. आत्ता.”

मावशी जिना उतरली. भाची पायरीवर बसली होती, ती उठून मागोमाग आली.  मावशीनं कोपऱ्यातली पहार उचलली, पहिल्या पेटीच्या झाकणाखाली घातली आणि जोर लावला. झाकण हललं नाही. परत लावला. खिळे एकमेकांकडं माना टाकून घट्ट बसलेले.

“कुठल्या रांडेच्यानं ठोकलेत हे!”

“तूच, मावशे.”

“माहीतेय मला. तोंड बंद ठेव आणि ते टोक धर.”

भाचीनं टोक धरलं. तपासनीस चष्मा सरकवत वाकला. करकर वाजत पहिली फळी वर आली. मावशीनं ती उलटी करून बघितली, थप्पीवर टाकली, आणि बाविसाव्या पेटीपर्यंत संध्याकाळ होणार असं पुटपुटत पहार दुसऱ्या फळीखाली घातली.